वाचक विचारतात : हॅम मंडळींची टोपणनावे आणि मानपान

मागील अंकात हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून परवाना घेऊन बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्या 'हॅम' मंडळींच्या, परवाना परीक्षेविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत परीक्षेबद्दल फारसे कोणी विचारलेले नाही. उत्तीर्ण झाल्यावर हवेत, म्हणजे रेडिओवर, काय काय ऐकून घ्यावे लागते, याचीच तक्रार अधिक आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे आणि संकेतनामे (परवान्याबरोबर प्रत्येकाला मिळणारी अक्षर-अंकांची ओळख) छापलेली नाहीत.

प्रश्न (पुणे) : मला यंदाच व्हीयू३ ने सुरू होणारे संकेतनाम मिळाले. सायंकाळच्या नेटमध्ये (ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या बैठकीत) रिपीटरवर (संदेश पकडून पुढे दूरवर पाठवणाऱ्या केंद्रावर) हजेरी लावावी म्हणून मी हॅण्डीचे (हातात धरायच्या सेटचे) बटण दाबून लगेच संकेतनाम सांगितले, पण ते अर्धवटच ऐकू गेले, असे दोनदा झाले. त्यावर एका ज्येष्ठांनी 'हा नवा लिड कोण?' असे विचारले आणि दुसऱ्यांनी 'अप्लायन्स ऑपरेटर असणार' अशी पुस्ती जोडली. सगळे हसले, मी सेट बंद केला. या शब्दांचा अर्थ काय आणि मी काय उत्तर द्यायला हवे होते?

उत्तर : आधी आपले संकेतनाम अर्धवट का गेले ते पाहू, कारण त्या संध्याकाळी कोणीतरी तेवढेच सांगितले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. बटण दाबल्याबरोबर रिपीटर जागा होत नाही. आपल्या सेटने पाठवलेला टोन त्याला ओळखावा लागतो, मग त्याचा ट्रान्समीटर सुरू होतो, आणि तेवढ्या अवधीत आपण उच्चारलेली पहिली एकदोन अक्षरे कोणाच्याच कानी पडत नाहीत. म्हणजे नेमके 'व्हीयू' गळून जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा गृहस्थ संकेतनाम न सांगताच बोलतो आहे. बटण दाबावे, क्षणभर थांबावे, मग बोलावे, आणि बोलणे संपल्यावरही बटण लगेच सोडू नये. एवढे केले की आपल्याला लिड म्हणायला कोणाला जागा उरणार नाही.

'लिड' म्हणजे ज्याला यंत्र नीट चालवता येत नाही असा चालक. हा शब्द रेडिओपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील तारघरांत गचाळ हाताने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारभाषा, पाठवणाऱ्याला तो लावला जाई, आणि तारमास्तर बिनतारी यंत्रांकडे वळले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर आला. 'अप्लायन्स ऑपरेटर' हा पुढच्या काळातला टोमणा आहे. बाजारातून तयार सेट आणायचा, घरातल्या मिक्सरसारखा जोडायचा आणि आत काय चालते याची कधी चौकशी करायची नाही, अशा माणसाला उद्देशून तो वापरतात.

माझ्या मते या दोन शब्दांना एकाच मापाने मोजू नये. 'लिड' हा शेरा कितीही खवचट असला तरी तो एका कृतीवरचा असतो, आणि कृती सुधारली की शेरा आपोआप गळून पडतो. जुन्या चालकांनी स्वतःच्याही चुकीवर 'आज मी लिडपणा केला' असे म्हटलेले मी कितीदा तरी ऐकले आहे. 'अप्लायन्स ऑपरेटर' म्हणणारा मात्र माणसाची पायरी ठरवून मोकळा होतो. त्याने आपल्याशी पुरते एक वाक्यही बोललेले नसते, आपण घरी सोल्डरिंग आयर्न हातात धरता की नाही हे त्याला ठाऊक नसते, आणि तरीही निकाल लागलेला असतो.

या टोमण्यामागे एक जुना अभिमान आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे एके काळी तयार सेट मिळणे दुरापास्त होते. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेले लष्करी सेट मिळवायचे, त्यांत फेरफार करायचे, व्हॉल्व्ह मिळाला तर ट्रान्सफॉर्मर मिळत नाही म्हणून तोही हाताने गुंडाळायचा, असे करत ज्यांनी पहिला संपर्क साधला त्यांना पेटीतून काढून चालू केलेल्या सेटचे कौतुक वाटत नाही, हे साहजिक आहे. पण हा टोमणा मारणाऱ्यांच्या टेबलावरही आज बहुधा जपानी कंपनीचा तयार सेटच असतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा, हा न्याय हवेतही चालतो.

उत्तर काय द्यावे, तर सेट बंद करू नये. 'नवीन आहे, नेमके काय चुकले ते सांगावे' एवढेच शांतपणे विचारावे. या प्रश्नाने हसणाऱ्यांची पंचाईत होते, कारण ज्याला चूक सांगता येते तो ती सांगतो आणि ज्याला ती सांगता येत नाही तो उघडा पडतो. ज्येष्ठांसाठीही इथेच दोन शब्द लिहितो. पॉल सेगल यांनी १९२८ मध्ये हौशी रेडिओचालकासाठी जी आचारसंहिता लिहिली आणि जी आजही जगभरच्या पुस्तिकांत छापली जाते, तिच्यातले पहिलेच कलम असे आहे की आपल्या प्रसारणाने दुसऱ्याचा आनंद कमी होईल असे जाणूनबुजून वागू नये. पुढे मैत्रीच्या कलमात, कोणी विनंती केल्यास सावकाश आणि धीराने काम करावे, नवशिक्याला स्नेहाने सल्ला द्यावा, असेही आहे. नेटमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाला नावे ठेवणारा ज्येष्ठ आपल्याच संहितेची दोन कलमे एका वाक्यात मोडतो.

याचा अर्थ थट्टा करूच नये असा नाही. अमेरिकन रेडिओ रिले लीगचे एक संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम हे 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने लीगच्या मासिकात गचाळ प्रसारणावर आसूड ओढत असत. त्यांच्याच लेखांतून 'वूफ हाँग' नावाचे एक काल्पनिक शिक्षेचे हत्यार जन्माला आले. हवेत बेशिस्त वागणाऱ्यावर ते चालवावे, अशी ती चेष्टा होती. पुढे त्या नावाची एक ओबडधोबड लाकडी वस्तूच लीगकडे येऊन दाखल झाली आणि ती मुख्यालयात जपून ठेवली गेली. या थट्टेचा रोख गोंगाट, अडथळे आणि वाईट सवयी यांवर होता. वाचणारा प्रत्येक जण मनातल्या मनात आपलीही सवय तपासून पाहत असे. सगळ्यांदेखत एका नवख्याचे नाव घेऊन हसणे ही निराळी गोष्ट आहे.

प्रश्न (सोलापूर) : 'हॅम' हे नाव हार्वर्ड विद्यापीठातील तीन मित्रांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले असे आमच्या वर्गात सांगण्यात आले. हे खरे आहे का? दुसरीकडे ही मूळची शिवी आहे असेही वाचले.

उत्तर : हायमन, आल्मी आणि मरे यांची ती गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण तिला आधार नाही. 'हॅम' हा तारघरातलाच शब्द आहे आणि अडाणी, कच्च्या हाताच्या तारमास्तराला तो हिणवण्यासाठी वापरत. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी पोरांनी घरोघरी स्पार्क ट्रान्समीटर उभारले आणि त्यांच्या कडकडाटात जहाजांचे व व्यापारी केंद्रांचे संदेश बुडू लागले, तेव्हा पगारी चालकांनी वैतागून हाच शब्द या पोरांना लावला. पोरांनी तो बिनतक्रार उचलला आणि पाटीसारखा दारावर लावला.

त्या काळी हौशी मंडळींकडे कसे पाहिले जाई याचा नमुना कायद्यातही सापडतो. टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेत १९१२ चा रेडिओ कायदा आला. त्याने हौशी चालकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलून दिले, कारण त्या लहरी दूरच्या दळणवळणाला निरुपयोगी आहेत असाच तेव्हा जाणकारांचा समज होता. डिसेंबर १९२१ मध्ये कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथून हौशी मंडळींनी त्या लहरींवर पाठवलेला संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथे पॉल गॉडली यांनी तंबूत बसून ऐकला, आणि थोड्याच वर्षांत व्यापारी कंपन्या त्याच आखूड लहरींसाठी रांगेत उभ्या राहिल्या. हे सारे झाल्यावर 'हॅम' या शब्दात अपमान उरणे शक्यच नव्हते. तेव्हा आपण तो खुशाल वापरावा.

प्रश्न (नाशिक) : मी आणि माझे पती दोघेही परवानाधारक आहोत. नेटमध्ये त्यांना संकेतनामाने पुकारतात, मला मात्र 'वायएल' म्हणतात, काही जण 'एक्सवायएल' म्हणतात आणि ओळखीचे सगळे 'वहिनी' म्हणतात. कोणाच्या मनात वाईट नाही हे मला कळते. तरीही मला हे खटकते. मी फार संवेदनशील आहे का?

उत्तर : मुळीच नाही. हे लघुरूप मोर्सच्या काळातले आहे, जेव्हा प्रत्येक अक्षराला मनगटाचे कष्ट पडत. त्यानुसार प्रत्येक पुरुष 'ओएम' म्हणजे ओल्ड मॅन ठरला, मग तो नुकताच परीक्षा दिलेला बारा वर्षांचा मुलगा का असेना. आणि प्रत्येक स्त्री 'वायएल' म्हणजे यंग लेडी ठरली, मग तिला पतवंडे का असेनात. इथपर्यंत ती एक निरुपद्रवी गंमत आहे. स्वतः स्त्रियांनीही 'वायएल' हे नाव आपलेसे केले. अमेरिकेत एथेल स्मिथ यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री-चालकांच्या संघटनेचे नावच यंग लेडीज रेडिओ लीग आहे. निरोपाला सगळे हॅम ७३ म्हणतात, त्या संघटनेने आपसांतल्या मैत्रीसाठी ३३ हा आकडा ठरवून घेतला.

'एक्सवायएल'चे तसे नाही. त्याचा शब्दशः अर्थ 'माजी तरुणी' असा होतो आणि तो फक्त पत्नीसाठी वापरला जातो. पतीसाठी त्या तोडीचा शब्द प्रचारात नाही, यातच सारे आले. मला स्वतःला तो कधी आवडला नाही आणि तो आपल्या नेटमधून गेला तर कोणाचेही काही अडणार नाही.

'वहिनी'ची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तो शब्द आपुलकीचा आहे. चहाच्या टेबलावर तो शोभतो. पण नेटमध्ये नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, जेव्हा एकाला संकेतनामाने आणि दुसरीला 'वहिनी' म्हणून पुकारतो, तेव्हा एकाचा परवाना मोजला जातो आणि दुसरीचे केवळ नाते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद अंदमानातून व्हीयू४आरबीआय या संकेतनामाने जगाशी बोलत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचे नेहमीचे दळणवळण कोलमडले, आणि पोर्ट ब्लेअरमधील त्यांच्या चमूने तेच सेट मदतकार्याच्या संदेशांसाठी लावले. त्या दिवसांत जगभरचे चालक कान देऊन शोधत होते ते त्या संकेतनामाला. आपण नेट कंट्रोलला खासगीत, फोनवर, इतकेच सांगावे की हजेरी घेताना माझे संकेतनाम घ्या, पुढे गप्पांत काय म्हणायचे ते म्हणा. समंजस माणसाला तेवढे पुरते. न पुरल्यास 'वहिनी' या हाकेला हवेत उत्तर देऊ नये. संकेतनाम पुकारले की द्यावे.

प्रश्न (ठाणे) : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने तिथे सर्वांत वरच्या, एक्स्ट्रा श्रेणीचा परवाना मिळवला. तरी तिथले काही वयस्क चालक त्याला 'नो-कोड' आणि 'एक्स्ट्रा लाइट' म्हणतात. आपल्याकडेही 'नुसता व्हीयू३' असे म्हटले जाते. परीक्षा सरकारने घेतली, परवाना सरकारने दिला, मग यांचा आक्षेप कशाला?

उत्तर : भांडण मोर्सचे, म्हणजे त्या 'कोड'चे, आहे. अमेरिकेत पूर्वी सामान्य श्रेणीला मिनिटाला १३ शब्दांचा आणि एक्स्ट्रा श्रेणीला २० शब्दांचा मोर्स कानाने घेता यावा लागे. वीस शब्दांचा वेग ही थट्टा नव्हे. त्यासाठी लोक महिनोन्महिने रात्री कानाला हेडफोन लावून बसत. १९९१ मध्ये तिथे टेक्निशियन श्रेणीसाठी मोर्सची अट निघाली. २००० मध्ये वरच्या सर्व श्रेणींसाठी एकच, पाच शब्दांची परीक्षा ठेवली गेली. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने तीस मेगाहर्ट्झखालील लहरींसाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली आणि प्रत्येक देशाने आपापले ठरवावे असे केले, आणि २३ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत मोर्सची परीक्षा पुरतीच बंद झाली. ज्यांनी वीस शब्दांसाठी घाम गाळला होता त्यांना वाटले की आपली पदवी आता फुकट वाटली जाते आहे. त्या रागातून हे दोन्ही शब्द निघाले.

राग मला कळतो. पण तो ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर काढलेला नाही. नियम बदलले ते तिथल्या दळणवळण आयोगाने आणि जागतिक परिषदेने; आपल्या मुलाच्या हाती त्यांतले काहीच नव्हते. त्याने त्या वेळी जी परीक्षा होती ती पूर्ण दिली. लिडपणा सुधारता येतो, उद्या मोर्सही शिकता येतो, पण 'तू २००७ नंतर आलास' ही गोष्ट माणसाने काहीही केले तरी बदलत नाही. ज्या शब्दापासून सुटण्याचा मार्गच नाही तो शब्द शिस्त लावत नाही, तो केवळ दार लावून घेतो. गंमत अशी की हे दार लावणारे स्वतःही कधीतरी बाहेर उभे होते. १९६८ मध्ये तिथे नवी श्रेणीव्यवस्था लागू झाली आणि सामान्य श्रेणीच्या चालकांकडून काही लहरींचे पट्टे काढून घेतले गेले, तेव्हा 'आम्ही काय कमी हॅम आहोत?' असा आक्रोश याच पिढीने केला होता.

आपल्याकडे प्रतिबंधित श्रेणीला व्हीयू३ आणि सामान्य श्रेणीला व्हीयू२ मिळते, सामान्य श्रेणीसाठी मोर्सही द्यावा लागतो, त्यामुळे हा भेद संकेतनामातच ऐकू येतो आणि चिडवणे सोपे जाते. व्हीयू३ च्या मंडळींनी पुढची परीक्षा जरूर द्यावी, कारण तिच्याने अधिक लहरी खुल्या होतात. कोणाचे तोंड बंद करण्यासाठी मात्र देऊ नये, कारण ते व्हीयू२ झाल्यावरही बंद होत नाही. मग विचारतात, मोर्स शेवटचा कधी वापरलात?

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या नेटमध्ये एका मच्छीमार तरुणाने 'टेन-फोर' (म्हणजे 'कळले') म्हटले, तर त्याला 'सीबीवाला' म्हणून सर्वांनी धारेवर धरले. हा इतका मोठा गुन्हा आहे का?

उत्तर : नाही. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, परीक्षेविना वापरता येणारा पट्टा. अमेरिकेत सत्तरच्या दशकात ट्रकचालकांनी तो गजबजून टाकला आणि 'टेन-फोर' त्यांच्या तोंडून घरोघरी पोहोचले. परीक्षा देऊन आलेल्या हॅमना तेव्हापासून त्या बोलीचे वावडे आहे. खुद्द 'टेन' संकेत आले पोलिसांच्या वायरलेसवरून. हॅमचे क्यूएसएल (पोच), क्यूआरएम (अडथळा) हे संकेत मोर्ससाठी बनलेले. ते आपण माइकवर उच्चारतो तेव्हा आपणही काही सोवळे पाळत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी दळणवळणाला हात दिला, तशी वेळ पुन्हा आली तर संदेश साध्या मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, कोणालाही कळेल असा द्यावा लागतो आणि तिथे दोन्ही बोली बाजूला ठेवाव्या लागतात. समुद्रावरचा वायरलेस रोज वापरणाऱ्या तरुणाला तर या मंडळींनी हवामानाचे चार प्रश्न विचारून घ्यायला हवे होते.

प्रश्न (कोल्हापूर) : एका दुर्मीळ परदेशी केंद्राला पुकारताना मी स्प्लिट (ऐकण्याची आणि बोलण्याची लहर वेगवेगळी ठेवण्याची सोय) लावायला विसरलो. लगेच दहा जणांनी 'अप, अप' आणि 'लिड' असा ओरडा केला. चूक माझीच होती ना?

उत्तर : चूक होती, पण लहानशी. असे केंद्र समजा १४.१९५ मेगाहर्ट्झवर बोलते आणि पाच-दहा किलोहर्ट्झ वर ऐकते, म्हणजे त्याचा आवाज पुकारणाऱ्यांच्या गर्दीखाली दबत नाही. आपण एकदा त्याच्याच जागी पुकारले, तर तेवढे दोन सेकंद ते झाकले गेले. ओरडणाऱ्या दहा जणांनी मात्र त्याच जागी, संकेतनाम न सांगता, पुढचा अर्धा मिनिट ते पुरतेच बुडवले. या स्वयंघोषित हवालदारांना हॅम जगात 'डीएक्स कॉप' (डीएक्स म्हणजे दूरचे केंद्र, कॉप म्हणजे हवालदार) म्हणतात आणि जाणकार त्यांना लिडच्याही खाली मोजतात. परवान्याच्या अटी पाहिल्या तर बिननावाने प्रसारण करणे हा त्यांचाच दोष ठरतो. पुढच्या वेळी पुकारण्याआधी थोडा वेळ नुसते ऐकावे, केंद्र 'अप फाइव्ह' म्हणते का ते पाहावे, सेटवरील स्प्लिटचा दिवा लागला आहे याची खात्री करावी. ओरड्याला उत्तर देऊ नये, कारण तेही त्याच जागी जाते.

प्रश्न (पणजी) : एफटी८ वर (संगणकाने क्षीण संदेशही उलगडणाऱ्या डिजिटल पद्धतीवर) काम करणाऱ्यांना आमच्याकडे 'हा खरा हॅमच नव्हे, संगणक संगणकाशी बोलतो आणि हा चहा पितो' असे म्हणतात. आपले मत?

उत्तर : मला स्वतःला आवाजी गप्पा अधिक आवडतात, ती आवडीची बाब झाली. एफटी८ ही पद्धत २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी तयार केली. दोघेही हॅम आहेत आणि टेलर यांना त्याआधी, १९९३ मध्ये, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आहे. त्यांना 'खरा हॅम नव्हे' असे तोंडावर म्हणायला आपले मित्र तयार असतील तर जरूर म्हणावे. शहरातल्या दाटीत, गॅलरीत टांगलेल्या वीतभर अँटेनावर, जिथे आवाज पोहोचण्याची आशा नाही, तिथे ही पद्धत संपर्क घडवून आणते, आणि इमारतीच्या समितीने गच्चीवर अँटेनाला परवानगी न दिलेल्या किती तरी मंडळींचा छंद आज तिच्यामुळेच चालू आहे.

प्रश्न (पुणे) : सत्तरीच्या गृहस्थांना मी, विशीतल्या मुलाने, 'ओएम' म्हणावे का? जीभ रेटत नाही.

उत्तर : म्हणावे. हवेत ते उद्धट ठरत नाही आणि बहुतेक ज्येष्ठांना ते आवडते. जीभ रेटतच नसेल तर संकेतनामानंतर 'सर' किंवा 'काका' म्हणावे. मराठी नेटमध्ये दोन्ही चालतात. परदेशी केंद्राशी बोलताना मात्र 'काका' आवरावे.